मोटार शर्यतींचे प्रकार आणि टर्बोचार्जरची निवड : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती इंधनावर अवलंबून असते असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु खरी मर्यादा हवेची असते. इंधन हवे तितके सोडता येते, मात्र ते जाळण्यासाठी लागणारी हवा सिलिंडरमध्ये कोंबावी लागते. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूंनी टर्बाइन फिरवून हे काम साधण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बो प्रथम उतरला तो १९७७ मध्ये, रेनॉच्या गाडीतून. ‘जितका मोठा टर्बो तितकी वेगवान गाडी’ हा समज मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही आजतागायत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे.

मोठ्या टर्बोचे चक्र जड असते. एक्झॉस्टचा प्रवाह पुरेसा वाढेपर्यंत ते गती घेत नाही व चालकाने पेडल दाबल्यानंतर शक्ती उशिरा मिळते. लहान टर्बो तत्काळ जागा होतो, परंतु उच्च फेऱ्यांवर त्याचा श्वास कोंडतो. म्हणून निवड करताना कमाल अश्वशक्ती किती, हा पहिला प्रश्न नसावा. शर्यतीतील बहुतांश वेळ इंजिन किती फेऱ्यांवर राहते, हा असावा. ड्रॅग शर्यतीत गाडी प्रारंभरेषेवर उभी असतानाच इंजिनाच्या फेऱ्या चढवून ठेवता येतात. तेथे मोठा टर्बो क्षम्य ठरतो. अन्यत्र तसे नाही.

चाकणची दोन उदाहरणे :

पुण्याजवळील चाकण येथे ज्यांचे उत्पादन होत असे अशी दोन मॉडेल्स या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. फोक्सवॅगन पोलोची चषक मालिका भारतात २०१० मध्ये १.६ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनावर सुरू झाली. २०१२ मध्ये तिच्या जागी १.४ लिटरचे, १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले. त्यात दोन यंत्रणा होत्या : कमी फेऱ्यांवर पट्ट्याने चालणारा सुपरचार्जर हवा भरी आणि साधारण ३५०० फेऱ्यांच्या वर तो अलग होऊन टर्बो एकटाच भार घेई. वरच्या फेऱ्यांसाठी टर्बो निवडावयाचा आणि खालची पोकळी दुसऱ्या साधनाने भरावयाची, असा हा उपाय होता. तो परिणामकारक खरा. पण वजन, खर्च व गुंतागुंत वाढविणारा.

दुसरे उदाहरण महिंद्रा एक्सयूव्ही ५०० चे. अर्जुन पुरस्कार (२०१९) प्राप्त गौरव गिल यांनी ही गाडी राष्ट्रीय रॅली स्पर्धांत चालविली. रॅलीत खडी, अरुंद वळणे व क्षणाक्षणाला सुटणारे-दाबले जाणारे पेडल यांमुळे इंजिन वरच्या फेऱ्यांवर टिकतच नाही. या मॉडेलच्या २.२ लिटर डिझेल इंजिनात टर्बाइनभोवतीची पाती कोन बदलत असत. प्रवाह मंद असता ती मार्ग अरुंद करून वायूचा वेग वाढवीत, प्रवाह वाढता मार्ग मोकळा करीत. एकाच टर्बोने लहान व मोठा अशा दोन्ही भूमिका वठविण्याची ही युक्ती आहे. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट अधिक तप्त असल्याने तेथे ती महाग पडते.

उष्णतेचा हिशेब :

विदर्भातील वाचकांना यातील एक बाब विशेष जवळची वाटावी. वाशीमच्या उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअस तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत संकुचित केली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३८ अंशांवर पोहोचते. चुकीच्या मापाच्या टर्बोमुळे कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर तोच दाब देताना हवा १५४ अंशांपर्यंत तापते. तप्त हवा विरळ असते; शिवाय पेट्रोल इंजिनात ती अकाली स्फोटास, म्हणजे नॉकिंगला, आमंत्रण देते. दाबमापकाचा काटा दोन्ही वेळी सारखाच दिसतो, म्हणूनच त्याच्यावर विसंबून केलेली अदलाबदल पिस्टनच्या जिवावर बेतते. इंटरकूलर, इंधनाचा नवा नकाशा आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या दांड्याला अखंड तेलपुरवठा, या गोष्टी टर्बोबरोबरच बदलाव्या लागतात.

नियमांची चौकट :

टर्बोची निवड अनेकदा नियमपुस्तिकाच ठरविते. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत कॉम्प्रेसरपूर्वीच्या हवाद्वाराचा व्यास २०१७ मध्ये ३३ वरून ३६ मिलिमीटर झाला आणि गाड्यांची शक्ती सुमारे ३०० वरून ३८० अश्वशक्तीवर गेली. आपल्या महाविद्यालयांचा थेट संबंध येतो तो फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांशी; ‘फॉर्म्युला भारत’ ही त्यांपैकीच. तेथे पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटरच्या घशातूनच जावी असे बंधन आहे. समुद्रसपाटीवर २७ अंश तापमानास या घशातून सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅमहून अधिक हवा जाऊच शकत नाही, कारण घशातील वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो. इतक्या हवेतून सर्वसाधारणपणे १०० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती मिळते. भंगारातून आणलेला ट्रकचा टर्बो ही मर्यादा तसूभरही हलवू शकत नाही.

येथे टर्बोचा उपयोग कमाल शक्तीसाठी नव्हे, तर ती मर्यादा कमी फेऱ्यांवरच गाठण्यासाठी आहे. अनेक संघ चाकणच्याच बजाज कारखान्यात तयार होणारे केटीएमचे ३७३ घनसेंटिमीटरचे एकसिलिंडर इंजिन वापरतात. ते दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेत असल्याने हवेचा प्रवाह हिसक्यांनी चालतो. कॉम्प्रेसर मोठा असेल तर दोन हिसक्यांच्या मधल्या काळात हवा उलट फिरून चक्राला धक्के बसतात. म्हणून अशा इंजिनास उपलब्ध मापांपैकी अगदी लहान टर्बो घेऊन त्याच्या व इंजिनाच्या मध्ये हवा साठविणारी पेटी बसविणे अधिक सयुक्तिक ठरते.