ठरावातला दवाखाना

बोले ठराव म्हटला की आपल्याला महाडचे तळे आठवते. पण ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केलेल्या त्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. पाण्यासाठी १९२७ साली आपली माणसे हजारोंनी चालून गेली. दवाखान्यात मात्र माणूस एकटा जातो, तोही आजारी.

मीरा-भाईंदरमधल्या एका दवाखान्यात मी आईला नेले. अडवले कोणी नाही. आडनाव ऐकून गाव विचारले, मग गावातली वस्ती. गोळ्या हातावर न देता बाकावर टाकल्या. मी बोलणार तोच आई म्हणाली, "राहू दे, पुन्हा इथंच यायचंय." मी, महाविद्यालयात शिकवणारा, गप्प राहिलो.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने (१९७६ पर्यंत त्याचे नाव अस्पृश्यता गुन्हे अधिनियम असे होते) हे ओळखले आहे. त्याचे कलम ५ अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवते, आणि प्रवेशानंतर केलेला भेदभावही. कार्यकर्ते हे कलम सांगतात, १२ वे राहून जाते. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. त्या दिवशी मलाही ते ठाऊक नव्हते.