विमान घरचं, खटके कुठले?

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं गेलं, तेव्हा आपल्याकडे केवढं अप्रूप वाटलं होतं! अमेरिकेत मात्र गॅरेजात विमान बांधणारे हौशी लोक गावोगाव सापडतात. निम्म्याहून अधिक काम हौसेखातर स्वतः केलं असेल, तर असं विमान तिथं ‘एक्स्पेरिमेंटल’ वर्गात नोंदवता येतं. त्यात सुटे भाग मान्यताप्राप्तच हवेत अशी सक्ती नसते. त्यामुळे पॅनेलवरचे स्विच लष्करी दर्जाचे महागडे घ्यायचे की मोटारीच्या सामानाच्या दुकानातले, हे बांधणाऱ्यानंच ठरवायचं.

बहुतेकांची नजर आधी स्विचवर कोरलेल्या अँपिअरच्या आकड्यावर जाते. पण तो आकडा अनेकदा एसी करंटसाठी असतो. आपल्या घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. विमानातला बॅटरीचा डीसी करंट शून्याला शिवतच नाही. बारा व्होल्टला ठिणगी लहान असते हे खरं, पण ती रेंगाळते आणि काँटॅक्ट जाळत राहते.

शिवाय त्या स्विचवर काय चालवायचं आहे, हेही बघावं लागतं. शंभर वॅटचा जुना लँडिंग लाइट एरवी सात-आठ अँपिअर घेतो. पण दिव्यातली तार थंड असते त्या पहिल्या क्षणी त्याच्या दहापट करंट धावतो. एलईडीनं ही कटकट बरीच कमी केली. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेनं चालणाऱ्या मोठ्या खटक्याच्या, कॉइलचं उलटं. ती चालू होताना गुमान असते आणि बंद करताना शेकडो व्होल्टचा झटका देते. त्यावर उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांना उलटा जोडलेला एक डायोड. इतकी स्वस्त वस्तू विसरून महाग स्विच घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मास्टर स्विच नावाप्रमाणे भारदस्त हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात सगळा भार बॅटरीशेजारचा कॉन्टॅक्टर वाहतो. स्विचमधून फक्त त्याच्या कॉइलचा अँपिअरभर करंट जातो. मात्र हा चिमुकला स्विच रुसला, तर सगळं पॅनेल अंधारतं. ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकाचे लेखक बॉब नकल्स यांचा रोख इथेच आहे: कधीच न बिघडणारा स्विच शोधत बसू नका, तो बिघडला तरी उड्डाण नीट पुरं होईल असं वायरिंग करा. म्हणून गरजेच्या उपकरणांना बॅटरीकडून दुसऱ्या वाटेनं, वेगळ्या स्विचमधून वीज देतात.

मला हे पटतं, कारण हिशेबच तसा आहे. वर्षाला शंभर उड्डाणं धरली, तरी वीस वर्षांत एक खटका जेमतेम चार हजार वेळा हलतो. बरे टॉगल स्विच याच्या कितीतरी पट हालचाली सोसतात. घासून मरण्याआधी त्यांना हँगरमधली दमट हवा गाठते, किंवा कंपनानं सैल झालेला स्क्रू.

मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा, न्याय आणखी वेगळा. त्याचा स्विच ‘बंद’ असतो तेव्हा काँटॅक्ट जुळलेले असतात आणि मॅग्नेटो अर्थ होतो. ती अर्थची तार तुटली, तर स्विच बंद दिसतो, पण हातानं पंखा फिरवला की इंजिन धडधडू शकतं.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो जिवावर बेतू शकतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून गेले. त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं ते लाँग-ईझी विमान दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं होतं. मूळ आराखड्यात समोर असलेला इंधनाचा कॉक बांधणाऱ्यानं वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. तो फिरवायला वळताना त्यांचा पाय उजव्या रडरवर दाबला गेला आणि ताबा सुटला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. कॉक फिरवायला जड होता, शिवाय हात तिथं सहज पोचत नव्हता.

म्हणून जाणकार आधी पुठ्ठ्याचं पॅनेल कापतात, पट्टे बांधून खुर्चीत बसतात आणि डोळे मिटून एकेक खटका चाचपतात. मॅग्नेटोचे खटके ओढल्याशिवाय न हलणारे घेतात, म्हणजे दिवा शोधताना इंजिन बंद पडायला नको. स्विचची ऑर्डर त्यानंतर जाते.