कौन्सिलविरुद्धची तक्रार: धाक किती, अधिकार किती

इंग्लंडमध्ये मुलांच्या सामाजिक सेवेची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर असते. अपंग मुलाच्या आईवडिलांना थोडी उसंत मिळावी म्हणून दिलेले मदतीचे तास, आजीकडे वाढणाऱ्या नातवंडाचा खर्च, फॉस्टर कुटुंबात राहणाऱ्या मुलाच्या आईशी होणाऱ्या भेटी, घराबाहेर पडावं लागलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा निवारा, असे सगळे निर्णय कौन्सिलचे सोशल वर्कर आणि त्यांचे वरिष्ठ घेतात. या कामाचा पाया म्हणजे 1989 चा मुलांविषयीचा कायदा. त्यातल्याच 26 व्या कलमाने कौन्सिलविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, आणि 2006 च्या नियमांनी त्या तक्रारीच्या तीन पायऱ्या आखून दिल्या आहेत. तरीही या व्यवस्थेबद्दल दोन टोकाच्या समजुती आढळतात. काहींना वाटतं की तक्रार केली तर मूलच काढून नेतील. काहींना वाटतं की तक्रार केली की कोर्टाचा निकालसुद्धा फिरेल. माझ्या मते दोन्ही समजुतींचं मूळ एकच आहे. कौन्सिलचे अधिकार कुठे संपतात आणि कोर्टाचे कुठे सुरू होतात, हे कोणी नीट सांगितलेलं नसतं.

आधी भीतीचं पाहू, कारण अनेक रास्त तक्रारी तिच्यामुळे लिहिल्याच जात नाहीत. आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध मूल ताब्यात ठेवायचं तर कौन्सिलला कोर्टात जावं लागतं आणि मुलाला गंभीर हानी होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे, हे 31 व्या कलमाखाली दाखवून द्यावं लागतं. तातडीच्या संरक्षणाचा आदेशही कोर्टच देतं. पोलिसांना कोर्टाविना मूल सुरक्षित जागी नेता येतं, पण जास्तीत जास्त 72 तासांसाठी. 20 व्या कलमाखालची व्यवस्था पालकांच्या संमतीवर उभी असते. यांपैकी कुठल्याही वाटेत ‘पालकांनी तक्रार केली’ हे कारण बसत नाही. व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांची भीती आणखी वेगळी असते आणि तिथल्या मराठी घरांनाही ती लागू आहे. व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई लिहिलेली असते, म्हणून कौन्सिलकडे काही मागितलं तर व्हिसा जाईल असं वाटतं. वास्तविक 17 व्या कलमाखाली गरजू मुलासाठी मिळणारी मदत इमिग्रेशनच्या नियमांत ‘सार्वजनिक निधी’ म्हणून मोजली जात नाही. ती मागता येते आणि नाकारली गेली तर त्याविरुद्ध तक्रारही करता येते.

यावर कोणी म्हणेल की कायदा काहीही सांगो, उद्या दारात तोच सोशल वर्कर उभा राहणार आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावणं अन्यायाचं ठरेल. ज्याच्या अहवालावर आपलं घर तोललं जातं, त्याच्याविरुद्ध लिहायला धैर्य लागतं. म्हणूनच सरकारी मार्गदर्शनात तक्रार व्यवस्थापक हा सोशल वर्करच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरचा असावा, अशी अपेक्षा ठेवली आहे. मुलासाठी तर आणखी ठोस सोय आहे. तक्रार करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या मुलाला त्याची बाजू मांडणारा स्वतंत्र ॲडव्होकेट मिळवून देणं हे कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे. तक्रार फक्त आईवडीलच करू शकतात, हा गैरसमजही इथेच सोडून द्यायला हवा. मूल स्वतः तक्रार करू शकतं, फॉस्टर पालक करू शकतात, आणि मुलाच्या हिताशी पुरेसा संबंध असलेली आजी किंवा मावशीही करू शकते.

आता दुसरं टोक. मूल कुठे राहील हे कोर्टाने ठरवलं असेल, तर कौन्सिलकडची तक्रार तो आदेश बदलू शकत नाही. सोशल वर्करने कोर्टात दिलेला अहवाल चुकीचा वाटत असेल तर त्याला आव्हान कोर्टातच द्यावं लागतं, आणि खटला चालू असताना त्यात अडथळा येणार असेल तर कौन्सिल तक्रार थांबवून ठेवू शकते. महाराष्ट्रातून गेलेल्या वाचकाची इथे गफलत होणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याखालच्या बालकल्याण समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि बालकाला कुठे ठेवायचं याचा आदेश तीच देते. इंग्लंडमधल्या तक्रारीच्या कुठल्याही पायरीला असे अधिकार नाहीत. तसंच सोशल वर्करला कामावरून काढणं हेही या प्रक्रियेचं काम नाही. त्याची व्यावसायिक नोंदणी आणि पात्रता डिसेंबर 2019 पासून ‘सोशल वर्क इंग्लंड’ पाहते. ऑफस्टेड कौन्सिलच्या बालसेवेची तपासणी करते, पण एकेका कुटुंबाची तक्रार सोडवत नाही.

मग तक्रारीने मिळतं काय? कौन्सिलने निर्णय कसा घेतला, याचा हिशेब मिळतो. मूल्यांकन वेळेत झालं का, मुलाचं म्हणणं ऐकलं का, कायद्याने द्यायची मदत दिली का, नकाराची कारणं सांगितली का, हे प्रश्न वरकरणी कोरडे वाटतात, पण माणसांची आयुष्यं यांवरच अडतात. नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलांचंच घ्या. सोशल वर्कर रात्री मावशीला फोन करून मुलीला ठेवून घ्यायला सांगतो. पुढे खर्चाची गोष्ट निघाली की कौन्सिल म्हणते, ही तर कुटुंबाची आपसातली व्यवस्था होती. 2007 मध्ये साउथवर्क कौन्सिलच्या एका प्रकरणात अपील कोर्टाने ही भूमिका अमान्य केली. ती मुलगी वडिलांच्या पूर्वीच्या मैत्रिणीकडे राहायला गेली, त्यात मुख्य पुढाकार कौन्सिलचा होता, म्हणून मुलीची जबाबदारीही कौन्सिलचीच, असं कोर्टाने ठरवलं. त्याआधी 2001 मध्ये, नातेवाईक फॉस्टर पालकांना केवळ नातेवाईक म्हणून कमी भत्ता देण्याचं मँचेस्टर कौन्सिलचं धोरण बेकायदा ठरलं होतं. असा प्रश्न घेऊन येणारा माणूस कुणाचा निकाल फिरवायला आलेला नसतो. त्या रात्री फोन कोणी केला, काय सांगून केला आणि त्याची नोंद कुठे आहे, एवढंच त्याला विचारायचं असतं. तक्रारीची प्रक्रिया नेमकं हेच शोधू शकते.

‘चोरच चोरीचा तपास करणार’ हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. पहिल्या पायरीपुरता तो बराचसा खरा आहे. तिथे संबंधित विभागच 10 कामकाजी दिवसांत उत्तर देतो आणि प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी 10 दिवस घेतो. दुसऱ्या पायरीवर मात्र तपास अधिकाऱ्याबरोबर कौन्सिलच्या नोकरीत नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती असावीच लागते. ती मुलाखतींना बसते, फाइल पाहते आणि स्वतःचा वेगळा अहवाल देते. यासाठी 25 कामकाजी दिवस ठरलेले आहेत, फार तर 65. तरी समाधान झालं नाही तर 20 कामकाजी दिवसांच्या आत तिसरी पायरी मागता येते. तिथे कौन्सिलबाहेरच्या तीन जणांची समिती त्या तपासाची छाननी करते. या लोकांचं मानधन शेवटी कौन्सिलच देते, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्या निष्कर्षांवर कौन्सिलला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ती सगळी कागदपत्रं पुढे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालांपुढे जाऊ शकतात. ज्याचं काम बाहेरचा माणूस नंतर वाचणार आहे, त्याला सारवासारव करणं अवघड जातं.

व्यवस्थेचा खरा दोष मला दिरंगाईत दिसतो. पहिल्या पायरीवरच लोकांना घोळवत ठेवायचं, दुसरी मागितली की ‘त्यातून काही निष्पन्न होणार नाही’ म्हणायचं, किंवा तक्रार कौन्सिलच्या साध्या, दोन उत्तरांत संपणाऱ्या प्रक्रियेकडे वळवायची, हे प्रकार लोकपालांनी वारंवार दोषी ठरवले आहेत. या प्रक्रियेत बसणारी तक्रार एकदा स्वीकारली की तक्रारदाराने मागितल्यावर दुसरी पायरी नाकारण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. बालसंरक्षणाच्या चौकशीसारख्या काही गोष्टी साधारणतः या तीन पायऱ्यांत येत नाहीत आणि साध्या प्रक्रियेतून जातात. त्याही शेवटी लोकपालांकडे नेता येतात.

या लोकपालांबद्दलही दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. हे पद 1974 च्या कायद्याने निर्माण झालं आणि 2017 पासून त्याच्या नावात सामाजिक सेवेचाही उल्लेख आला. त्यांच्याकडे थेट पहिल्याच दिवशी गेलं तर बहुधा कौन्सिलकडे परत पाठवतात. मात्र कौन्सिल मुदती पाळत नसेल किंवा पुढची पायरी नाकारत असेल, तर ते मध्ये पडू शकतात. प्रकार कळल्यापासून साधारण 12 महिन्यांत त्यांच्याकडे जावं लागतं, उशिराला सबळ कारण असेल तरच सूट. योग्य रीतीने घेतलेला निर्णय केवळ आवडला नाही म्हणून ते बदलत नाहीत. चूक आढळली तर माफी, थकलेला भत्ता, झालेल्या मनस्तापाबद्दल रक्कम, नव्याने मूल्यांकन, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असे उपाय ते सुचवतात.

आणि ‘सुचवतात’ या शब्दावरच शेवटचा आक्षेप येतो. सूचनाच असेल तर ती पाळणार कोण? लोकपालांची शिफारस कोर्टाच्या हुकमासारखी बंधनकारक नाही, हे खरं. तरी कौन्सिल जवळजवळ प्रत्येक शिफारस मान्य करतात, आणि त्यामागे कायद्याची रचना आहे. जाहीर अहवाल निघाला की निवडून आलेल्या सदस्यांना तीन महिन्यांत त्यावर विचार करून काय करणार ते कळवावं लागतं. समाधानकारक उत्तर आलं नाही तर लोकपाल दुसरा अहवाल काढतात. त्यानंतरही कौन्सिल अडून बसली, तर आपण शिफारस का पाळली नाही याचं निवेदन तिला त्या भागातल्या वर्तमानपत्रात, स्वतःच्या खर्चाने, छापावं लागतं.