इसार देण्याआधी रेडी रेकनर बघा

दस्त लिहून देणं हा माझा धंदा. माणूस रिसोडचा असो की मानोऱ्याचा, समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, खर्च किती येईन?" आणि हा प्रश्न तो इसार देऊन झाल्यावर विचारतो. सौदा पक्का, पेढे वाटून झालेले, पैशाच्या तारखा ठरलेल्या. कराचा हिशेब मात्र माझ्या टेबलावर पहिल्यांदा होतो. सोयाबीन विकून घरात पैसा घातलेल्या माणसाला तेव्हा आणखी दीड लाख उभे करायला सांगणं जिवावर येतं. बँकही मुद्रांकाचे पैसे सहसा कर्जात धरत नाही.

मागे एक जोडपं आलं होतं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, मालक शेती पाहतात. वाशीम शहरातलं बांधून तयार असलेलं घर चोवीस लाखांना ठरलेलं. मी आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता उघडला. यालाच सगळे रेडी रेकनर म्हणतात. तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या भागातला जमिनीचा दर दिसतो, बांधकामाचा दर वेगळा धरायचा. दोन्ही मिळून घराचं सरकारी मूल्य निघालं २६ लाख ५० हजार.

मालक चमकले. "आम्ही चोवीस देऊन रायलो, मंग सरकार साडेसव्वीस कायले धरते?"

रास्त प्रश्न आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ चा आहे, आणि त्याचा नियम सरळ आहे: ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त, त्यावर शुल्क. असं नसतं तर अर्धे पैसे रोख देऊन दस्तात निम्माच आकडा लिहिणारे कमी नसते. हे दर १ एप्रिलला बदलू शकतात. २०२२ पासून तीन वर्षं जागेवर होते, २०२५ च्या एप्रिलमध्ये वाढले. म्हणून मार्चअखेर आमच्याकडे झुंबड असते.

तर हिशेब असा. नगरपरिषदेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क पाच टक्के, वर नगरपरिषदेचा अधिभार एक टक्का. साडेसव्वीस लाखांवर सहा टक्के म्हणजे १ लाख ५९ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. इथे २६ हजार ५००. शिवाय पानागणिक दस्त हाताळणी शुल्क वेगळं. खेड्यात नगरपरिषदेऐवजी जिल्हा परिषदेचा एक टक्का असतो.

दोघांच्या नावावर घ्यायचा मालकांचा हट्ट होता. मी बाईंकडे वळलो. राहतं घर एकट्या बाईच्या किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. नवऱ्याचं नाव सोबत लागलं की सूट गेली. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. इथे सूट भरते २६ हजार ५००, म्हणजे नोंदणी फीचे पैसे तिथेच निघाले. मालक थोडे गप्प झाले. कर्ज बाईंच्या पगारावरच होतं, त्यामुळे फार वेळ नाही.

खरी गंमत पुढे होती, आणि ती आमच्या धंद्यातलेही बरेच जण सांगत नाहीत. सरकारी मूल्यापेक्षा स्वस्तात घर घेतलं की आयकर खातं म्हणतं, मधला फरक हे तुमचं उत्पन्न. सवलत एवढीच की फरक ठरलेल्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा ५० हजारांपर्यंत, यांतलं जे जास्त तेवढा असेल तर सोडून देतात. चोवीस लाखांचे दहा टक्के २ लाख ४० हजार. फरक होता अडीच लाख. दहा हजारांनी ओलांडला, आणि ओलांडला की नुसते वरचे दहा हजार नव्हे, पूर्ण अडीच लाख बाईंच्या उत्पन्नात धरले जातात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ५२ हजार.

उपाय सोपा होता. किंमत चोवीस लाख दहा हजार करा. दहा टक्के होतात २ लाख ४१ हजार, फरक उरतो २ लाख ४० हजार. मुद्रांक तर साडेसव्वीसवरच भरायचा आहे, तो एक रुपयानं वाढत नाही. फक्त वरचे दहा हजार खरोखर, बँकेतून द्यायचे. नुसते कागदावर चढवायचे नाहीत. विकणाऱ्यानं लगेच होकार दिला. आपणहून भाव वाढवून देणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नसावं.

जीएसटीचा प्रश्न इथे नव्हता. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला किंवा जुन्या घराच्या फेरविक्रीला तो लागत नाही. बिल्डरकडून बांधकाम चालू असताना घेतलं तर लागतो: आपल्याकडे ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर चटईपर्यंतच्या घराला एक टक्का, त्यावर पाच. तसंच घर ५० लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा. असे सौदे माझ्याकडे क्वचितच येतात.

जुनं घर घेणाऱ्यांनी एक करावं. बांधकाम कोणत्या साली झालं याचा पुरावा, जुनी घरकर पावती का होईना, सोबत आणावी. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो आणि सरकारी मूल्य खाली येतं. लोक नवीन रंग मारलेलं घर दाखवतात आणि वयाबद्दल बोलतच नाहीत.

आणि ते बॉण्डवरचे प्लॉट! पाचशेच्या बॉण्डवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन "खरेदी" झाली असं समजणारे अजूनही येतात. शंभर रुपयांच्या वरच्या कोणत्याही स्थावराची खरेदी नोंदणीशिवाय होत नाही. शुल्क वाचवलं म्हणून खूश असलेल्या माणसाला मुलाच्या वेळी सगळं दंडासह भरावं लागतं. कमी पडलेल्या शुल्कावर दंड दरमहा दोन टक्के असतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. बाईंनी त्याच आठवड्यात ग्रास या सरकारी पोर्टलवर चलन भरलं. जुनी करप्रणाली निवडली असेल तर मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम त्या वर्षी दीड लाखाच्या वजावटीत दाखवता येते, म्हणून चलनाची प्रत जपून ठेवायला सांगितलं. जाताना मालकांनी विचारलं, घरकराची थकबाकी कोणाची? घराची, म्हणालो, मालक बदलला तरी ती घरासोबतच येते. विकणाऱ्याकडून चालू वर्षापर्यंतची पावती घ्या, मगच शेवटचा चेक द्या.