बसऱ्याला गेलेल्यांची नावं

‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत.’ साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या कितीतरी घरांत पणजोबांचा इतिहास या एका वाक्यात संपतो. कोणती पलटण, कोणतं साल, गोळी लागली की पटकी झाली, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

बसराच का, याचं उत्तर मात्र सापडतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये भारतीय फौज या बंदरात उतरली आणि पुढे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, सगळ्या मोहिमेची वाट तिथूनच गेली. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेले सर्वाधिक भारतीय सैनिक याच आघाडीवर होते. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे तुर्की वेढ्यात अडकली. रसद तुटली, घोडे कापून खायची वेळ आली. धर्म आणि जात आड आल्यानं अनेक भारतीय शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली तेव्हा सुमारे १३ हजार माणसं कैद झाली आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. उपाशी, आजारी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. कितीतरी वाटेतच पडले, कितीतरी रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर मेले.

गावी काय कळलं असेल? ‘बेपत्ता’, एवढंच. अशा बेपत्ता शिपायाच्या बायकोनं कुंकू लावायचं की पुसायचं? बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि पालाशविधीनं त्यालाच अग्नी द्यायचा, अशी सोय परंपरेनं करून ठेवली होती. पण त्या बारा वर्षांत सासरी तिचं स्थान काय होतं, याचा हिशेब कुठल्याच लष्करी दप्तरात नाही. युद्धाची झळ लागलेल्यांत मी तिला पहिली मोजतो.

ज्यांना कबर मिळाली नाही अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा आला. ही कारकुनी चूक नव्हती, विचार करून घेतलेला निर्णय होता. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात त्यामागचा वर्णभेद कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा का होईना, माफी मागितली हे चांगलंच झालं. पण दगडावर जे नाव आलं नाही, ते घरच्यांनी तरी जपायला हवं. ज्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं त्या युद्धात ४६ जवान गमावले आणि जे आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखलं जातं, तिथे आठवण सगळ्या गावाची आहे. इतर गावांत ती एकेका घराला एकट्यानं सांभाळावी लागते.

शोधाची सुरुवात घरातल्या जुन्या ट्रंकेपासून करावी. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मेलेल्याच्या घरी पाठवलेली, ब्रिटानिया आणि सिंह असलेली कांस्याची मोठी चकतीही काही घरांत आहे. नाव हाती लागलं की आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. आडनाव इंग्रजीत जसं ऐकलं तसं लिहिलेलं असणार, म्हणून सगळी रूपं घालून पाहावीत. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं, त्यामुळे खात्री करता येते. १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले, हे ध्यानात ठेवावं: १०३ ची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. कोकणातल्या घरात ‘बोटीवर होते’ एवढंच ठाऊक असेल, तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमला जावं. समुद्रातच राहिलेल्या खलाशांचं स्मारक तिथे आहे.

नोंद चुकली असेल किंवा मुळात नसेलच, तर आयोग पुराव्यासह आलेले अर्ज तपासतो. पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र, पदकाच्या कडेचा फोटो, जे असेल ते जोडावं. आणि घरात नव्वदीची आजी असेल, तर अर्जाआधी तिच्याशी बोलून घ्यावं.