मलागासी कुळांची वंशस्मृती : नाव, नाते आणि थडगे

फ्रान्सने २६ ऑगस्ट २०२५ रोजी पॅरिस येथे तीन कवट्या मादागास्करच्या स्वाधीन केल्या. १८९७ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्याने मादागास्करच्या पश्चिमेकडील मेनाबे प्रदेशात आंबिकी येथे जी कत्तल केली, तीत साकालावा राजा तुएरा मारला गेला. त्याचे शिर फ्रान्सला नेण्यात आले आणि पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात दीर्घकाळ राहिले. परत मिळालेल्या कवट्यांपैकी एक त्याची मानली जाते. उरलेल्या दोन साकालावा योद्ध्यांच्या होत. उभय देशांच्या तज्ज्ञसमितीस या कवट्या साकालावा लोकांच्या आहेत इतके निश्चित करता आले. राजाच्या कवटीविषयी मात्र अनुमानापलीकडे जाता आले नाही. अस्थींवरून जमात कळली, व्यक्ती कळली नाही. मृतास त्याचे नाव आणि कूळ मिळवून देणारी सामग्री अस्थींबाहेर, जिवंतांच्या स्मृतीत व व्यवहारात असते. मलागासी समाजात ती कोणत्या रूपाने नांदते आणि तिचे जतन कशाने होते, याचे विवेचन येथे मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचे आहे.

मलागासी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा होय. बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागातील मान्यान भाषेशी तिचे असलेले निकट नाते ओट्टो ख्रिश्चन डाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५१ साली सप्रमाण दाखविले. भाषेची वंशावळ अशी शब्दांवरून लावता येते. माणसांची वंशावळ मात्र मलागासी विशेषनामांवरून लावता येत नाही. आणि आडनावावरून कूळ ओळखण्याची सवय असलेल्या वाचकाची पहिली चूक येथेच होते.

परंपरेने मलागासी समाजात पित्याकडून पुत्राकडे जाणारे कुलनाम नाही. आजही सख्ख्या भावंडांची नावे परस्परांहून सर्वस्वी भिन्न असू शकतात. शिवाय एकच नाव आयुष्यभर राहते असेही नाही. मेरिनांचा प्रसिद्ध राजा आंद्रियानाम्पुइनिमेरिना (राज्यकाल सुमारे १७८७ ते १८१०) याचे पूर्वीचे नाव राम्बुआसालामा, म्हणजे ‘निरोगी कुत्रा’, असे होते. अनिष्टाची दृष्ट लागू नये म्हणून मुलास हलके नाव ठेवण्याची तेथे रीत होती. राजा झाल्यावर त्याने धारण केलेल्या नावाचा अर्थ ‘इमेरिनाच्या हृदयातील स्वामी’ असा आहे. दुसरी रीत अपत्यावरून नाव घेण्याची. ‘राइनी’ म्हणजे अमक्याचा बाप आणि ‘रेनी’ म्हणजे अमक्याची आई, असे पूर्वपद अपत्याच्या नावास जोडले की आईबापांचे नवे नाव सिद्ध होते. येथे नाव बापाकडून मुलाकडे उतरत नाही. मुलाकडून बापाकडे चढते. साकालावा राजकुळात तर मृत राजाचे जिवंतपणीचे नाव उच्चारणे निषिद्ध असते. त्यास ‘आंद्रिया’ने आरंभ होणारे व ‘आरिवु’, म्हणजे सहस्र, या शब्दाने संपणारे मरणोत्तर नाव दिले जाते. पूर्वीच्या नावाशी ध्वनिसाम्य असलेले व्यवहारातील शब्दसुद्धा टाळले जात. एका पुरुषाची अशी दोन-तीन नावे निरनिराळ्या व्यक्तींची समजून वंशवृक्षात मांडली, तर तो वृक्ष दिसावयास भरदार, पण असत्य होतो.

विशेषनाम असे अस्थिर असता नात्याचे शब्द मात्र काटेकोर आहेत. ‘झुकी’ म्हणजे वडील भावंड आणि ‘झांद्री’ म्हणजे धाकटे. येथे वयाचा क्रम महत्त्वाचा, लिंग नव्हे. उलट पुरुषाचा भाऊ ‘राहालाही’ आणि स्त्रीचा भाऊ ‘आनादाही’. स्त्रीची बहीण ‘राहावावी’ आणि पुरुषाची बहीण ‘आनाबावी’. अर्थात ‘भाऊ’ एवढाच अनुवाद टिपून ठेवला, तर नाते कोणाच्या बाजूने सांगितले आहे ही मूळ शब्दातील माहिती नष्ट होते. उतरत्या पिढ्यांची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘झानाका’ म्हणजे अपत्य, ‘झाफी’ म्हणजे नातवंड, ‘झाफिआफी’ म्हणजे पतवंड. त्यापुढे ‘झाफिंदुहालिका’, म्हणजे शब्दशः ‘गुडघ्याचे नातवंड’, आणि ‘झाफिंपालादिया’, म्हणजे ‘तळपायाचे नातवंड’. पिढ्या मोजण्यास येथे शरीराचेच माप घेतले आहे.

तळपायाखाली जमीन येते, आणि मलागासी वंशस्मृतीचा सर्वांत बळकट आधारही जमीन हाच आहे. ‘राझाना’ म्हणजे पूर्वज. ‘तानिंद्राझाना’ म्हणजे पूर्वजांची भूमी. मध्य पठारावरील मेरिनांच्या संबंधात मॉरिस ब्लॉक यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, पोटापाण्यासाठी दूर जाऊन राहिलेली कुटुंबेही आपले स्थान मूळ गावातील थडग्यावरून ठरवितात. मेरिनांत वंश आई व बाप या दोहोंकडून मोजला जात असल्याने एका व्यक्तीस एकाहून अधिक थडग्यांशी संबंध सांगता येतो. तो संबंध केवळ रक्ताने टिकत नाही; थडग्याच्या बांधणीत, दुरुस्तीत आणि विधींच्या खर्चात वाटा उचलल्याने टिकतो. मेरिना व बेत्सिलेउ लोकांतील ‘फामादिहाना’ हा विधी याच संबंधाचे दृढीकरण होय. पावसाळ्यानंतरच्या थंड, कोरड्या महिन्यांत थडगे उघडून मृतांना नवी वस्त्रे गुंडाळली जातात. कोणाला कोठे ठेवावयाचे हे जमलेल्या आप्तांसमोर ठरते, आणि तरुण पिढीस वंशावळीचा पाठ मिळतो तो अशा प्रसंगी.

लेखनाचा आधारही मादागास्करला अपरिचित नव्हता. आग्नेय किनाऱ्यावरील आंतेमुरु लोकांनी अरबी लिपीत, पण मलागासी भाषेत लिहिलेली ‘सुराबे’ हस्तलिखिते जतन केली. त्यांत ज्योतिष व औषधी यांच्या जोडीला वंशकथाही आहेत. राजा पहिला रादामा याच्या काळात, १८२३ साली, रोमन लिपी स्वीकारली गेली. पुढे फ्रान्स्वा कॅले या जेझुइट पाद्र्याने मेरिना राजकुळांच्या मौखिक परंपरा संकलित करून १८७३ पासून मलागासी भाषेतच प्रसिद्ध केल्या. परंतु हे लेखन बहुतांशी प्रतिष्ठित कुळांचे आहे. सामान्य कुटुंबाची वंशावळ वृद्धांच्या मुखीच राहिली, आणि वृद्धाबरोबर ती जाते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली अशी की, विस्मरण हाही या परंपरेचाच एक भाग आहे. डेव्हिड ग्रेबर यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात दाखविले की, फामादिहानात जुने अवशेष एकत्र गुंडाळले जातात आणि कालांतराने त्यांची पृथक नावे लोपतात. मोजके पूर्वज तेवढे स्मृतीत राहतात. वंशावळीतील प्रत्येक रिकामी जागा ही अनास्थेची खूण नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १८९६ साली गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा ‘आंदेवु’ म्हणजे दास म्हणून जगलेल्या अनेकांना परतण्यास पूर्वजांची भूमी उरली नव्हती, आणि ज्यास थडगे नाही त्यास प्रतिष्ठित पूर्वजही नाहीत, असा समाजाचा हिशेब होता. त्यांच्या वंशजांस ‘तुमचे थडगे कोठे?’ हा साधा वाटणारा प्रश्न विचारणे म्हणजे जुन्या जखमेस हात लावणे होय. जी माहिती एका कुटुंबाचा अभिमान, तीच दुसऱ्याचा कलंक ठरू शकते. म्हणून काय नोंदवावे याइतकाच, ते कोणासमोर उघड करावे हाही संशोधकाच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

सारांश, मलागासी कुटुंबाचा वारसा केवळ नावांच्या यादीने राखला जात नाही. प्रत्येक व्यक्तीची सर्व नावे व ती केव्हा धारण केली हे. नात्याचा मूळ शब्द व तो कोणाच्या मुखातून आला हे. आणि थडग्याचे गाव व त्यावरील हक्क कोणत्या बाजूने आला हे, अशा तीन गोष्टी एकत्र टिपल्या तरच वंशावळ वाचनीय राहते. यांपैकी एक गळली की उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही. तुएराचे नाव मेनाबेच्या स्मृतीत राहिले, म्हणूनच त्याच्या अस्थींची मागणी करता आली. त्याच्यासोबत परतलेले दोघे योद्धेही कोणाचे तरी ‘राझाना’ आहेत. परंतु त्यांचे नातवंड कोण, हे सांगणारा शब्द कोठे नोंदलेला नाही.