गुदमरल्याचं कळतच नाही

हॉलमधले पाहुणे पांगले की उरलेल्या फुग्यांवर कॉलेजची पोरं तुटून पडतात. गाठ सोडायची, फुगा तोंडाला लावून हेलियमचा झुरका घ्यायचा आणि ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणायचं. आवाज थेट डोनाल्ड डकचा! एव्हाना कुणीतरी रील काढायला लागलेलं असतं.

स्वरतंतू जास्त वेगाने थरथरतात म्हणून आवाज चिरका होतो, असा समज आहे. तसं नसतं. त्यांची गती जवळपास तीच राहते, बदलतो तो घुमारा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, हेलियममध्ये जवळजवळ 1000 मीटर. त्यामुळे घसा आणि तोंडाच्या पोकळीत वरच्या पट्टीचे सूर उठून येतात.

हेलियम विषारी नाही. दम्याच्या काही रुग्णांना डॉक्टरच तो देतात, पण त्यात 20 ते 30 टक्के ऑक्सिजन मिसळून. फुग्यात ही सोय नसते.

श्वास रोखून धरला की थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. मेंदूचं लक्ष मुख्यतः त्याच्यावर असतं. हेलियम ओढणारा मात्र कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखाच बाहेर टाकत असतो, त्यामुळे घुसमट जाणवतच नाही. नुसता श्वास रोखला तर फुप्फुसातला ऑक्सिजन काही काळ पुरतो. इथे तो साठाच बाहेर ढकलला जातो आणि उलट रक्तातला ऑक्सिजन फुप्फुसात उतरायला लागतो. लागोपाठ दोन-तीन खोल झुरके घेतले, तर ‘आता पुरे’ असं वाटायच्या आतच शुद्ध हरपू शकते. उभा माणूस कोसळतो आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटतं, ते वेगळंच.

बरेचदा एका फुग्यावर निभावतं, हे खरं. पडताना फुगा हातातून सुटतो आणि साधी हवा आत जाते. पण 2006 मध्ये फ्लोरिडात कॉलेजचे दोन विद्यार्थी जाहिरातीच्या एका मोठ्या फुग्यातच शिरले. आत सुटण्यासारखं काही नव्हतं. दोघंही दगावले.

सिलिंडरला तोंड लावणं हा तर शुद्ध वेडेपणा. तिथे ऑक्सिजनचा अभाव आहेच, वर दाबाचा मार. भरलेल्या सिलिंडरमधला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो झोत फुप्फुसात घुसला की वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटतात, वायूचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जाणारी वाट अडवतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 14 वर्षांची एक मुलगी पार्टीत सिलिंडरमधून हेलियम ओढल्यामुळे गेली. जपानमध्ये जानेवारी 2015 मध्ये टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात 12 वर्षांची कलाकार मुलगी बेशुद्ध पडली. तिने वापरला होता तो पार्टीसाठी विकला जाणारा छोटा कॅन, आणि निदान होतं मेंदूच्या रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. हेलियम परदेशातून येतो, महाग पडतो. म्हणून जत्रेतले काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे वापरून सिलिंडरमध्येच हायड्रोजन तयार करतात. तोही रंगहीन, वासहीन, आणि आवाजही तसाच चिरका करतो. वर ज्वालाग्राही. फुग्यात दोघांपैकी काय भरलंय, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

कुणी कोसळलंच तर आधी फुगा किंवा नळी बाजूला करून मोकळी हवा मिळू द्यावी, श्वास चालू आहे का ते पाहावं आणि 108ला फोन लावावा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेची वाट न बघता छातीवर दाब देणं सुरू करावं. सिलिंडरमधून ओढलं असेल, तर माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावंच. बोलणं जड झालं, एक हात उचलेना किंवा छातीत दुखायला लागलं, तर हेलियम ओढल्याचं डॉक्टरांना न लपवता सांगावं. रक्तातल्या बुडबुड्यांवर उपचार उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात करावे लागतात आणि असा कक्ष प्रत्येक रुग्णालयात नसतो.